उपास कुणाला मानवतो

मेन, अमेरिका

ती. अक्कास, धाकट्या दिगूचा साष्टांग नमस्कार.

घोर अन्याय झाला आहे. प्रयोगशाळेत साक्षात गणपतीच्या वाहनासमोर अथर्वशीर्ष गुणगुणायला मला बंदी झाली. उंदीर बिचकतात म्हणे!

बाकी मी ठणठणीत. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

अर्धपोटी उंदीर जास्त जगतात, असं मी उन्हाळ्यात लिहिलं आणि तू लगेच एकभुक्त झालीस. ते पत्र अर्धवट होतं. शनिवार-रविवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी आम्ही त्यांना तीन दिवसांचं मोजकं खाणं एकदम देतो. ते शनिवारीच फस्त करतात, आणि सोमवारी पाहावं तर सगळे दाराकडे डोळे लावून बसलेले. त्याच मापावर काही खूप जगतात. काही मात्र झपाट्याने वाळतात आणि लवकर जातात.

काल एक गेलेली उंदरीण उचलताना सोबतीची लोर्ना म्हणाली, "काय पंडित, तुझ्या मंत्रांनी हिचं पोट भरलं नाही रे! उपास कुणाला मानवतो, कुणाला नाही."

भाचीने पाठवलेल्या फोटोत तुझ्या बांगड्या कोपराशी सरकलेल्या दिसल्या. तेव्हापासून प्रत्येक पिंजऱ्यात मला तूच दिसतेस.

अक्का, दोन्ही वेळा जेव. तुला मीच उपाशी मारतो आहे, अशी मला भीती वाटते.

तुझा,
दिगू