स्तंभावरच्या सळया

६ फेब्रुवारी

पुन्हा तेच, बाबा मान डोलावून आला! किती वेळा सांगितलं, मीटिंगला गेलात तर नुसतं बसा, मान हलवू नका. पण त्या मानेला सवयच तशी. गावानं सांगितलं, आमच्या वस्तीतला जयंतीचा धम्मस्तंभ देवळाच्या शिखराच्या वर जायला नको. पंचेचाळीस फूट ठरला होता, तीस करा. भावना दुखावतात म्हणे. बाबा गवंडी, स्तंभ तोच बांधणार. "बरं" म्हणाला आणि उठून आला. बहिणीनं, चैतालीनं, फोनवर सांगितलं.

देवळाचं शिखर पण बाबानंच बांधलंय. कळस चढवायच्या दिवशी त्याला मांडवाबाहेर जेवायला बसवलं. तेव्हा पण "बरं"च म्हणाला असणार.

७ फेब्रुवारी

सरपंच उदयसिंह अण्णाच्या शेतात मोबाईलचा टॉवर आहे. शिखराच्या चौपट उंच. त्यानं कुणाची भावना दुखावत नाही. भाडं येतं की!

११ फेब्रुवारी

हितं बडोद्यात आमची चंद्रिका मॅडम पण मनोराच करतीय. ती मोठी शिल्पकार, मी तिच्याकडं वेल्डर. खाली जुनी दगडी जाती, त्यावर देवळाच्या घंटा, मग मिलचा भोंगा (तो सोलापूरच्या भंगारातला, मीच मिळवून दिला), आणि सगळ्यात वर प्लॅस्टिकची खुर्ची. चढायला शिडी नाही. काल पाहुणे आले. मॅडमनं तासभर समजावलं — इतिहास, श्रद्धा, समाज. पाहुणे माना डोलवत होते. हितं मान डोलवली की जाणकार, गावात डोलवली की गवंडी!

मॅडमनं मला विचारलं, तुला काय वाटतं? म्हटलं, खुर्ची चार बोल्टनी आवळलीय, वाऱ्यानं विचार हलायचा नाही. हसली. बाई वाईट नाही. पण आमच्या गावची खुर्ची अण्णाच्या बुडाखाली आहे, तिचे बोल्ट काढून दाखव म्हणावं.

१५ फेब्रुवारी

बाबाला फोन केला. नको करायला होता. म्हटलं, धम्मचक्र काय शिखराला विचारून फिरतंय व्हय? तुमाला एवढं भ्यायला काय झालं? मग म्हणाला, "तू लांब हाईस. लांबनं छाती फुगवायला काय लागतंय? मला हितं रोज त्यांच्यातच काम मागायचंय."

खरं होतं म्हणून जास्तच राग आला. फोन कापला.

२ मार्च

बोलणं बंद.

२९ मार्च

चैतालीनं फोटो पाठवला. स्तंभ झाला. तीस फूट, गावाला हवा तसा, अगदी मापात. चक्र माथ्यावर नाही, समोरच्या अंगाला बसवलंय. आणि माथ्यातून चार सळया वर आलेल्या, कमरेएवढ्या, उघड्या! लई हसलो. घाबरून काम पण अर्धवट टाकलं म्हणायचं!

मॅडमला फोटो दाखवला. ती खुर्चीतनं उठलीच. हे कुणी केलं म्हणाली. म्हटलं, माझ्या बापानं. पैसे संपले असतील.

३० मार्च

चैतालीला विचारलं, बाबा सळया कापायला विसरला काय? तर म्हणते, "येड्या, पाया पंचेचाळीसचा घातलाय. लोखंड बी तेवढ्याच हिशोबाचं. गावानं उंची सांगितली, खोली कुणी इचारली न्हाय."

फोटो पुन्हा उघडून बघितला.

आमच्याकडं घरावर सगळेच सळया सोडतात. पोराचं लग्न ठरलं की वरचा मजला चढवायला. अण्णाच्या बंगल्यावर पण आहेत, दोन्ही पोरांच्या नावाच्या. त्यामुळं कुणाच्या डोळ्यात आलं नाही. बाबानं मान डोलावली आणि जाऊन खड्डा खोदला! मला बोलला नाही. बोलला असता तर मी गावभर बोंब मारली असती. ओळखतो मला.

१ एप्रिल

मॅडम म्हणते, मनोऱ्यावरची खुर्ची काढू, तिथं सळया सोडू. भाष्य म्हणतात ते हेच. म्हटलं, सळया सोडतो, पण तुमच्या मनोऱ्याला पाया कुठं आहे? खाली चाकं आहेत, प्रदर्शनाला ढकलत न्यायला.

आज हसली नाही.

१६ एप्रिल

जयंती जोरात झाली. मिरवणुकीत कुणाची तरी मान वर गेली आणि सळया उंची वाढवायला सोडल्यात हे गावाला कळलं. काल अण्णानं बाबाला बोलावून घेतलं. चहा पाजला, चारचौघांत गोड बोलला — सळया कापून टाका, शोभत नाहीत. चैताली सोबत गेली होती. ती सांगते, बाबानं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि अण्णाच्या बंगल्याकडं बोट केलं. "आधी तुमच्या कापा. मग माज्या कापतो."

मान हलली नाही म्हणे.

१९ एप्रिल

बाबाची गावातली सगळी कामं काढून घेतली. अण्णाचा गोठा, देवळाची ओवरी, सगळी. शेजारच्या मंद्रूपला पण कुणी बोलवेना. सळया आहेत तिथंच आहेत. मी घरखर्चाला पाठवले — चौदा हजार.