मेघीची पांढरी साडी

११ नोव्हेंबर, सोमवार

मुलाचा, प्रेमानंदचा, गुडघा बरा. सुनबाईचा खोकला उतरला. नातीची, मेघीची, झोप मात्र उडाली – लग्न महिन्यावर आलं! मी ठणठणीत. आणि तू कशी आहेस वं, वहीबाई? फार दिवस पेटीत कोंडलं तुला.

आज धरमपेठेतलं बुटिक पाहिलं. काचेचं दार, आत गारेगार, साड्या जेमतेम. मी म्हटलं, "नवरीसाठी पांढरी दाखवा." पोरगी गोड हसली अन् चर्चमधल्या नवरीचा पायघोळ झगाच काढला! म्हटलं, "बाई, आम्ही बौद्ध. आमची नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते." मेघी कानाशी – "आजी, किमतीची चिठ्ठी पाहू नको, चक्कर येईन." पाहिली. आली.

१३ नोव्हेंबर

बर्डीचा फुटपाथ. क्लिपा, बांगड्या, चपला. साडी नाही. पाणीपुरी मात्र झाली!

१४ नोव्हेंबर

इतवारीचा साडीबाजार. मेघीची होणारी सासू गोपिकाबाई कन्हानहून आल्या होत्या. नवरदेवाच्या, जितेंद्रच्या, घरचे हिंदू, शेतीवाले. बाई भारी साध्या – राखाडी साडी, हात मोकळे.

गादीवर बसलो. दुकानदार भैयाजींनी थप्पीची थप्पी उलगडली. अन् निघाली! शुभ्र, बारीक सोनेरी काठाची. मेघीनं खांद्यावर टाकली तर दुकान उजळलं.

गोपिकाबाईंनी हात मागे घेतला. "नवरीच्या अंगावर पांढरं? नोका करू असं, माय. पाया पडतो तुमच्या."

माझं डोकं तापलं! आमच्या घरी माझ्यासकट सगळ्या नवऱ्या पांढऱ्यातच उभ्या राहिल्या. मेघी एकदा माझ्याकडे पाही, एकदा सासूकडे. साडी गादीवर ठेवून उठलो.

बाहेर चहा घेताना मी विचारलंच, "काहून एवढं भेता पांढऱ्याले?"

गोपिकाबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जितेंद्र रांगत होता. धन्याच्या तेरवीले भावानं पांढरं लुगडं आणलं, अंगावर टाकलं. पांढरं हातात घेतलं का मले तोच दिवस दिसते. पोरीवर कसं पाहू?"

माझा राग चहासंगं खाली उतरला. एकच रंग – मला लग्न देऊन गेला, तिचं सगळं घेऊन गेला.

१६ नोव्हेंबर

मेघीला जवळ घेतलं. म्हटलं, "लाल घे, पोरी. पंचशील म्हणताना मन स्वच्छ असलं म्हणजे झालं." बोलले खरी, पण मन मानेना.

"मले पांढरीच पाहिजे होती वं, आजी." रडली. नाक पुसलं. "पण सासूबाईले रडवून नाही."

केवढी मोठी झाली! तिनंच फोन करून सासूला सांगितलं – लाल घेऊ.

१८ नोव्हेंबर

दारात गोपिकाबाई. एकट्या इतवारीहून आल्या. पिशवीत तीच साडी!

"मले पांढरं दुःखात भेटलं होतं. पोरीले मी खुशीत देऊन राहिली. नेसवीन पण मीच."

मेघी गळ्यातच पडली. मी चपला चढवल्या. "चला पुन्हा इतवारीले. तुमच्यासाठी मोरपंखी घेऊ."

"माह्यासाठी? लोकं काय म्हणतीन वं?"

"लोकाले थोडीच नेसायची आहे!"

हसल्या. अन् निघाल्या.