तुर्की कवी, माइकशिवाय

आई, तुझ्या त्या तुर्की कवीवरून इथे अर्विंगमध्ये परवा चांगलंच वाजलं. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहायला बसले.

नागपूरला ड्युटीवरून आलीस की नर्सची साडीसुद्धा न बदलता तू कुकर लावायचीस आणि ओट्याशी उभी राहून त्याच्या मराठीत आलेल्या कविता मोठ्यानं वाचायचीस. पण त्याआधी त्याची कहाणी, दर वेळी. सरकारला नको ते लिहिलं म्हणून वर्षानुवर्षं तुरुंग, मग देश सुटला, नागरिकत्व काढून घेतलं, परक्या मुलखात मेला. मी वैतागायचे, माहितेय गं सगळं, कविता वाच ना. तू म्हणायचीस, "आधी माणूस, मग कविता." संपात पुढे होतीस म्हणून तुझी पार गडचिरोलीला बदली झाली, तेव्हाही ते पुस्तक पिशवीत सगळ्यात वर होतं. निरोप द्यायला हॉस्पिटलमधलं कुणी म्हणजे कुणी आलं नाही. एसटी स्टँडवर तुझा हात धरून उभी असताना मला त्या सगळ्यांचा असा राग आला होता! तो अजून गेलेला नाही.

तर परवा आपली बाबासाहेबांची जयंती होती, इथल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात. वंदना झाली की प्रत्येक घरानं काहीतरी सादर करायचं असतं. मी या कवीचं नाव दिलं. आदल्या दिवशी आयोजक काकांचा फोन. इराकवर हल्ला सुरू झालाय, हे नाव मुसलमानाचं, वर माणूस कम्युनिस्ट, तुझं ग्रीन कार्ड अडकलेलं, कशाला नसती उठाठेव, तो आयटम कॅन्सल कर आणि बाबासाहेबांवरचं एखादं गाणं म्हण. काका वाईट नाहीत गं, घाबरले होते. मीही घाबरले होते. नवरा म्हणाला, कुणी तक्रार केली तर नोकरी, घर, लेकीची शाळा, सगळं गुंडाळून परत जावं लागेल. पण बाबासाहेबांच्या जयंतीला भीतीनं तोंड शिवून बसायचं? मला नाही जमलं.

उभी राहिले. तुझ्यासारखाच आधी माणूस सांगायला लागले. मरून इतकी वर्षं झाली तरी त्याच्या देशानं त्याला नागरिकत्व परत दिलेलं नाही, इथवर आले आणि काकांनी माइक बंद केला. तेवढ्यात जेवणाच्या टेबलामागून काकू, म्हणजे काकांच्याच बायको, हातातला डाव खाली ठेवून म्हणाल्या, "वाच पोरी. ऐकू येतंय आम्हाला." काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी घसा ताणून कविता शेवटपर्यंत वाचली. ग्रीन कार्डचं व्हायचं ते होवो.

तू गेलीस, आता हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. कविता संपली की कवीचं नाव सांगायचं असतं. मी त्याचं सांगितलं, आणि त्याला लागूनच तुझं, गडचिरोलीच्या बदलीसकट. तिथे तुला कुणीच ओळखत नव्हतं. टाळ्या वाजल्या. त्या कवीसाठी असतील बहुतेक, पण मी त्या तुझ्या म्हणून घेतल्या.