धोतऱ्याचा प्रसाद

माय, आज डोळ्याच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घातले. आत सूज आहे, तिला आराम पडावा म्हणून. बाहुली पसरून बसली आहे आणि कागदावरच्या ओळी एकमेकींत मिसळतात. हे औषध धोतऱ्यातही असतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, आमची जुनी ओळख आहे.

सिरसाळ्यातली महाशिवरात्र. मी सात वर्षांची. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे तूच माझ्या डोक्यात पक्कं बसवलेलं. मग पिंडीवर वाहिलेलं धोतऱ्याचं काटेरी फळ मी उचलते, फोडते आणि आतलं बी मन लावून चावून खाते. दुपारी माझं तोंड लालबुंद होतं. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. जीभ टाळूला चिकटलेली. मी हवेतून काहीतरी वेचत राहते आणि तुलाच विचारते, "तू कोन?" शेजारच्या काकू हात जोडतात. "अंगात आलंय पोरीच्या. शिवरात्रीला म्हादेवच आला." कुणी कुंकू आणतं, बायका माझ्या पाया पडू लागतात. तू स्वतः कडक उपासाची, लई देवभोळी. पण तू माझ्या तोंडात बोट फिरवलंस आणि दातात अडकलेलं चपटं बी बाहेर काढलंस.

"देव न्हाई, धोतरा हाय. जीप बोलवा."

"अगं, देवाला दवाखान्यात न्हेतेस व्हय? कोप व्हईल."

"झाला तर माज्यावर हू द्या. पोरीला सोडा."

दवाखान्यात माझं पोट धुतलं, तुंबलेली लघवी नळीनं काढली. दुसऱ्या दिवशी मी तुला ओळखलं. गल्लीत मात्र तू देव परतवलेली बाई ठरलीस. हळदीकुंकवाचं बोलावणं आपल्या दारावरून पुढे जायचं. तरी तू मला देवळात नेत राहिलीस, फक्त परतताना माझी मूठ उघडून बघायचीस.

किती सोसलंस गं माझ्यासाठी. आणि खरं सांगू? यातलं मला काहीच आठवत नाही. धोतऱ्याचं विष आठवणही पुसून नेतं. तुझ्या दहाव्याला काकूंनीच हे सगळं सांगितलं, डोळ्याला पदर लावून. तू एवढंच म्हणायचीस, "ल्हानपनी एकदा लई तापली व्हतीस." म्हणून मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मला माहीतच नव्हतं, माय.