बाबांचं अर्धं वाक्य

आई, काल तुझ्यावरची फिल्म पाहिली. बाबांना सोबत नेलं होतं. सीताबर्डीजवळच्या एका लहानशा हॉलमध्ये ती दाखवली. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं, बाबांच्या हातात फूल दिलं. त्यांनी पांढरा सदरा स्वतः इस्त्री करून घातला होता आणि जरीपटक्याच्या घरापासून ऑटोत सारखं विचारत होते, "तिची सगळी चित्रं दाखवतीन ना वं?" चार माणसांत तुझं कौतुक होणार, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

फिल्म काढणारी मुलगी पुण्याची. तिची मावशी आपल्या कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायची. तिथल्या क्लबच्या भिंतीवर तुझं कूलिंग टॉवरचं चित्र तिला दिसलं आणि विचारत विचारत ती आमच्या दारात आली. फ्रान्समधल्या इंप्रेशनिस्ट म्हणवणाऱ्या जुन्या चित्रकारांबद्दल तिनंच मला नीट सांगितलं, की ते बाहेर उघड्यावर उभे राहून वस्तूपेक्षा वस्तूवरचा उजेड रंगवायचे. आईंना हे कुणी शिकवलं, असं तिनं विचारलं. मी काय सांगणार? तू शाळेत ड्रॉइंग शिकवायचीस आणि सुटीच्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन राखेच्या तलावाकडे जायचीस, एवढंच मला ठाऊक. मी सोबत असायची. एकदा मी तो तलाव सगळा राखाडी रंगवला, तर तू कागदच ओढून घेतलास. "डोळे घरी ठेवून आली काय वं? राख राखाडीच राहते, हे तुले कोणी सांगतलं? पाह्य तिकडे." मी पाहते. पाण्यावर जांभळं आहे, काठाला पिवळसर आहे, वाफेची सावली चक्क हिरवी पडली आहे, आणि तू माझ्या मानेवर हात ठेवून उभी आहेस. तुझ्या बोटांचा रंग माझ्या फ्रॉकला लागतो आहे, आणि त्याचं तुला काहीच नाही.

फिल्ममध्ये तुला 'दुर्लक्षित इंप्रेशनिस्ट' म्हटलंय. घरात उरलेली तुझी चित्रं एवढ्या मोठ्या पडद्यावर आली तेव्हा बाबांनी माझा हात दाबला. आणि मग पडद्यावर तेच आले, आमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेले. म्हणाले, "मीच तिले म्हटलं, आता हे बंद कर." एवढंच. लगेच चित्राचा रिकामा स्टँड, मागे सारंगी, आणि निवेदनात त्या मुलीचा आवाज, की त्यानंतर तिनं ब्रश हातात धरला नाही. मागच्या रांगेत कुणीतरी च्‌च्‌ केलं.

ते शूटिंग झालं तेव्हा मी तिथंच ओट्याशी उभी होते. बाबांचं वाक्य तिथं संपलं नव्हतं. तुझा दमा, बंद खोलीतला टर्पेंटाइनचा वास, त्या संध्याकाळी निळे पडलेले तुझे ओठ, स्कूटरवर तुला ओढणीनं स्वतःच्या पाठीशी बांधून नेलेलं, डॉक्टरनं बजावलेलं, सगळं त्यांनी सांगितलं होतं. सांगताना रडले होते. त्या मुलीनंच त्यांना पाणी दिलं होतं.

अंधारात मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, फक्त माझ्या हातावरचा हात काढून घेतला होता. दिवे लागल्यावर बायकांनी मला घेरलं, पोरींनी फोटो काढले. बाबांच्या जवळ कुणी गेलं नाही. कॉलनीतले एक जुने शेजारी लांबूनच जयभीम करून निघून गेले.

मी त्या मुलीला बाजूला घेतलं. वाईट नाही गं ती, तिचेही डोळे भरले होते. "ताई, ते सगळं आधी ठेवलं होतं. पण दमा आला की फिल्म आजारपणाची होऊन जात होती." बदलता येईल का, विचारलं. नाही म्हणाली, फिल्म पुढे पाठवून झाली, बाहेरगावचे खेळही ठरले. मग जरा थांबून म्हणाली, "एक विचारू? पाण्याचे रंग होते, खडू होते. त्यानं काही दमा वाढत नाही. मग आईंनी पुन्हा काहीच का काढलं नाही? त्यांना काय हवंय, हे कुणी विचारलं होतं?"

 बाबांनी पाण्याच्या रंगांची पेटी आणली होती, तो दिवस मला आठवतो. महागातली होती, आरशासारखं झाकण होतं. तू पोळ्या लाटत होतीस. "चांगले आहेत," म्हणालीस, "ठेवा तिथं." बाबांनी पेटी मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली आणि उभे राहिले. तू पुढची पोळी लाटायला घेतलीस. मला त्या दिवसातली तुझी पाठच आठवते, चेहरा आठवत नाही. कितीही आठवलं तरी तू वळत नाहीस. ते रागावणं होतं की थकवा, की नुसती स्वयंपाकाची घाई, हे तू गेल्यावर आता कोण सांगणार? त्या मुलीनं बाबांचं अर्धंच वाक्य ठेवलं, पण तुझं तर आमच्यापैकी कुणाकडेच नाही.

घरी आल्यावर बाबा ताटावर बसले, पण जेवेनात. वरणात बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिचा राग होता काय वं माझ्यावर?"

"नाही बाबा."

"काहून म्हणतं? तुले सांगतलं होतं तिनं?"

"हो," मी म्हटलं. "मला म्हणाली होती, तुझ्या बाबानं माझा जीव वाचवला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि भात कालवायला घेतला.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच तुला सांगते आहे. तू मला असं कधीच म्हणाली नव्हतीस.