मडगार्डमागचा नट

१९ ऑक्टोबर
काच आज पुन्हा आतून धुरकटली. हात लावला तर चिकट. गाडीभर गोडसर वास आणि पायाशी ओलं. हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय — माझी बायको आयली असती तर वासावरूनच म्हणाली असती.

तिला जाऊन सहा महिने झाले. अस्थींचा डबा दिवाणखान्यात कपाटावर आहे. शेवटच्या आठवड्यात म्हणाली होती, “मला हॅन्कॉकला आईशेजारी ठेव. माझ्याच गाडीतून ने. आणि हीटर लाव, नॉर्ब! तुझ्या पिकअपमध्ये मी मेल्यावरही कुडकुडेन.”

हॅन्कॉकच्या दफनभूमीतल्या टोइवोला फोन केला. “पंधरा नोव्हेंबरपर्यंत जमीन फावडं घेते. मग गोठते, थेट मेपर्यंत.”

२१ ऑक्टोबर
आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबला कळलं. सहा जण आले, दोन खोके डोनट संपवले. “एका दुपारचं काम!” असं चौघांनी सांगितलं. कोणती दुपार, ते कुणी सांगितलं नाही.

२५ ऑक्टोबर
अडचण एसीची आहे. बिनएसीच्या गाडीत हा हीटर तासाभरात निघतो. आमच्या ६९च्या गाडीत कंपनीनेच एसी बसवला, म्हणून हीटरचं खोकं मोठं, आणि त्याचा एक नट मडगार्डच्या मागे दडलेला. त्यासाठी एक तर अख्खं मडगार्ड उतरवा, नाहीतर चाकाच्या बाजूने आतल्या पत्र्याला भोक पाडा.

“भोक” म्हटल्यावर अध्यक्ष डेल्मरने टोपी काढली.

“नॉर्ब, तू कुणाच्या गाडीबद्दल बोलतोयस?”

खरं आहे. गाड्यांच्या अस्सलपणाला गुण देणारी आयलीच. एकोणीस वर्षं. बॅटरी घेऊन गाडीखाली शिरायची. पत्र्याला भोक म्हणजे पंधरा गुण वजा. गेल्या वर्षी एका नव्या सभासदाला रडवलंन्.

२८ ऑक्टोबर
क्लबची खास बैठक. सेक्रेटरी रॉलंडने हात वर करायला सांगितले. भोक पाडावं — शून्य. मडगार्ड उतरवावं — अकरा. उतरवायला कोण येणार — शून्य.

इतिवृत्त मंजूर झालं.

२ नोव्हेंबर
डेल्मर रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला. मडगार्ड उतरवलं तर कोपऱ्याचा रंग उडेल म्हणाला. भोक तर नाहीच. “मग काय करू?” विचारलं.

“घाई करू नकोस. आयलीने घाई केली असती का?”

ती घाईच करायची.

७ नोव्हेंबर
टोइवोचा फोन. चार इंच बर्फ पडलाय. “येताय ना साहेब? की वहिनी कपाटावरच हिवाळा काढणार?”

९ नोव्हेंबर
पिकअपनेच जावं का? डबा पिकअपच्या सीटवर ठेवून पाहिला. लगेच उचलून आत आणला.

१० नोव्हेंबर
ठरवलं — भोक! कपाटाकडे बघून माफी मागितली. उजवं चाक काढलं. भोकाची जागा आखायला कागद पत्र्यावर धरला, आणि बोट मऊ जागेवर दबलं.

भोकात बसवलेलं रबरी बूच. वर पत्र्यासारखाच काळा रंग. बरोबर त्या नटासमोर.

बूच काढलं. आत नट, आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तोच लाल. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर ती ठिपका द्यायची, म्हणजे सुटला तर कळतो. बाटली अजून सिंकवरच्या खिडकीत आहे.

फरशीवरच बसून राहिलो. आधी हसू आलं. तिच्या प्रत्येक कामात दिवा मीच धरायचो. हे काम तिने मला सोडून केलं.

११ नोव्हेंबर
हीटर बसला. खरंच, एक दुपार! नटावर नवा ठिपका दिला. माझा जरा पसरला. बूच होतं तसं लावलं.

१४ नोव्हेंबर
हॅन्कॉक. नऊ तास. डबा शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. हीटर पूर्ण. मला घाम फुटला, पण बंद केला नाही.

टोइवोने खड्डा खणून ठेवला होता. डबा हातात घेतला आणि म्हणाला, “उबदार आहे की!”

१६ नोव्हेंबर
क्लबचा वर्षअखेरचा मेळा, शाळेच्या आवारात. डेल्मरने माझं मडगार्ड तपासलं. रंग कुठेच उडालेला नाही. “बघा! मनात आणलं तर भोकाशिवाय होतं!” टाळ्या. आता बिनभोकाच्या गाडीला आयलीच्या नावाचा चषक देणार आहेत. पहिला डेल्मरलाच.

मी टाळ्या वाजवल्या. मग सगळे कॉफीला आत गेले. माझा हातमोजा डेल्मरच्या चाकापाशी पडला होता. उचलायला वाकलो आणि चाकामागे हात घातला.

१७ नोव्हेंबर
डेल्मरच्या गाडीत बूच आहे. रॉलंडच्याही. आत नटावर लाल ठिपका — नीट, गोल, तिच्या हातचा.

एकोणीस वर्षं दोघांनाही तिने पैकीच्या पैकी गुण दिले.