चूक कात्रीची, वहीची नव्हे

वन्सं,

सकाळचे साडेसात. मी नवरीच्या घरी निघाले आहे. तिच्या झग्याच्या बाह्या आखूड झाल्या, कारण कापताना शिवणीत जाणारं कापड मीच धरलं नाही. खापर मात्र तुमच्या मापाच्या वहीवर फोडलं.

काल प्रार्थनेत सगळं कबूल केलं. देवानं मला क्षमा केली. त्याचे आभार मानताना वाटलं, त्यानं पदरात घेतल्यावर आता तोंड कुणापासून लपवायचं? म्हणून ताठ मानेनं जाते आहे. तुमचं माप अचूक होतं, हे तिच्या आईला तोंडावर सांगणार.

वही आणि टेप नेली आहे. तुमचा आठवडाभराचा अबोला रास्तच होता. चहा गाळून ठेवलाय.

मघाशी फोन केला, तेव्हा नवरीची आई "या" एवढंच म्हणाली.